फोन माझ्याकडून जाऊ दे

गावकर साहेबांनी आयुष्यात एकही आग विझवली नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कुणाचा गैरसमज नको. बंबखान्यात त्यांनी नोकरी केली, उभा जन्म केली, हे खरं. पण ती ऑफिसात, जवानांच्या रजेचे अर्ज फाइलला लावायची. कोणाला कावीळ झाली, कोणाच्या बहिणीचं लग्न आहे, कोण गणपतीला गावी गेला तो अजून आलाच नाही, असले कागद. आगीचं म्हणाल, तर घरातला गॅससुद्धा त्यांची बायको पेटवायची. ह्यांना काडीचा चटका सोसत नसे.

आणि तरीही आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत त्यांना सगळे साहेब म्हणायचे. मीही म्हणायचे. खोटं कशाला बोलू, चांगली दहा वर्षं म्हटलं.

दिसायला ठेंगणे, पोट पुढे, केस कायम नुकतेच रंगवल्यासारखे काळे. कमरेला हा एवढा रुंद पट्टा, त्यावर पितळी बक्कल. घरात लेंगा असला तरी वरून पट्टा. बक्कलावर अंगठा ठेवून ते गॅलरीत उभे राहिले की येणाराजाणारा नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नसे. तो पट्टा खात्याने दिलेला आहे असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा नळावर त्यांची बायकोच मला म्हणाली, "गे, तो पट्टो खात्याचो नाय हां. चोरबाजारातसून आणलेलो." आणि तोंडाला पदर लावून हसली. बिचारी सुशीला. तिला दुसरं हसायला काय होतं त्या घरात!

आता ह्या माणसाला साहेब कोणी केलं, तर आम्हीच. त्याचं असं झालं. आमच्या भागातला बंबखाना चाळीपासून चालत गेलं तर दहा मिनिटांवर. तिथे लाल बंबांच्या शेजारी एक पांढरी ॲम्ब्युलन्सही उभी असते. तीन आकडी नंबर फिरवायचा, पत्ता सांगायचा, की गाडी निघते. चिठ्ठी लागत नाही, वशिला लागत नाही. हे मला आज पाठ आहे. तेव्हा नव्हतं. तेव्हा आम्हाला वाटायचं, सरकारी गाडी म्हणजे कुणाच्या तरी ओळखीशिवाय कशी हलेल? रेशनकार्डाला ओळख लागते, शाळेत नाव घालायला लागते, इस्पितळात खाट मिळवायला लागते. मग ॲम्ब्युलन्सच तेवढी फुकट येणार?

तर गावकर नुकते रिटायर झाले होते, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या राण्यांच्या छातीत दुखायला लागलं. राण्यांची बायको ओरडत खाली आली. गावकर बाहेर आले, हात वर केला, म्हणाले, "कोणी फोन करू नका. फोन माझ्याकडून जाऊ दे." मग त्यांनी फोन लावला तो त्या तीन आकड्यांच्या नंबरावर नाही. सावंत म्हणून त्यांच्या ओळखीचा एकजण बंबखान्यात होता, त्याच्या फोनवर लावला.

"अरे सावंत, गावकर बोलतोय. काय म्हणतोस? मुलीचं जमलं का? नाही? मुलगा काय करतो मग? ... बरं बरं, ते आपण बसून बोलू. एक पेशंट आहे आपला, गाडी पाठव."

राणे जिन्यात छाती धरून बसलेले, आणि ह्यांचं सावंताच्या मुलीचं स्थळ चाललेलं! पण गाडी आली. पटकन आली. शेजारच्या रस्त्यावरून यायला किती वेळ लागणार, येणारच होती. पण अख्ख्या चाळीने ते पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं की गाडी गावकरांनी आणली. राणे बरे होऊन घरी आले तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन पहिले गेले चौदा नंबरच्या खोलीत. देवळात दुसऱ्या दिवशी.

पुढच्या महिन्यात जिन्याखालच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लागली: रुग्णवाहिकेसाठी खोली क्रमांक चौदामध्ये श्री. गावकर यांना भेटावे. दुपारी एक ते चार विश्रांती. हो, विश्रांतीची वेळपण लिहिली होती! आणि आम्ही ती वाचली, आणि कुणाला हसू आलं नाही.

मग त्याचे रीतिरिवाजच ठरले. गाडी वळणावर दिसली की गावकर रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात हलवणार, जशी काय ती नाहीतर पुढे वरळीला निघून गेली असती. ड्रायव्हरला सांगणार, सायरन फाटकापर्यंत चालू ठेव. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी चालू ठेव. मग गॅलऱ्या भरत. मग पेशंट आत गेला की हे पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी चढत. ती जागा त्यांची. पाटलांच्या सुनेला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, तेव्हा ती आणि सासू मागे, साहेब पुढे, आणि पोरीचा नवरा टॅक्सी शोधत धावतोय. इस्पितळात गेल्यावर हे काय करत? ड्रायव्हरबरोबर चहा पीत आणि परत येत. येऊन गॅलरीत सांगत, "मी होतो म्हणून निभावलं." पाटलांची सून एकदा मला म्हणाली, "मावशी, बाळंतीण मी झाले, आणि दमले ते."

कुसुमला मात्र हा माणूस पहिल्यापासून कळला होता. कुसुम जाधव, पंधरा नंबर, गावकरांच्या भिंतीला भिंत. एका शाळेत शिपाई होती, तिथनंच रिटायर झाली. नवरा गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षांत गेला. एक मुलगा नीलेश, तो परळला काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करतो. कुसुम बुद्धपौर्णिमेला खीर करायची, आणि अख्ख्या मजल्यावर वाट्या फिरायच्या. गावकर वाटी दोन्ही हातांनी घेत, "वा, वा, जाधवबाई!" म्हणत. मग दार लागायचं. आमच्या मोऱ्यांचं पाणी तेव्हा मागच्या एकाच उघड्या पन्हळीतनं खाली जायचं. थोड्या वेळाने कुसुम मला हाक मारायची, "वैनी, या लवकर. साहेबांची खीर चालली बघा." आणि खरंच, पांढरं दूध आणि त्यात शेवया, चाललेल्या असायच्या. दरवर्षी. आणि दरवर्षी ही परत वाटी द्यायची. मी एकदा चिडून विचारलं, कशाला देतेस गं? म्हणाली, "त्याला नको असेल तर त्यानं तोंडावर सांगावं. मी का त्याचं काम सोपं करू?"

अशी ती कुसुम.

मध्ये एकदा बंबखान्यातली माणसं चाळीत शिकवायला आली. दोघंजण, एक पुरुष आणि एक तरुण मुलगी, दोघं युनिफॉर्ममध्ये. आवारात सतरंजी टाकली, त्यावर रबराचा एक पुतळा निजवला, छाती कशी दाबायची ते दाखवायला. गावकर पहिल्या रांगेत खुर्चीवर. ती मुलगी सांगायला लागली की हे मध्येच, "मी पण खात्यातलाच हं!" ती म्हणाली, "अरे वा, काका! मग या, तुम्हीच दाखवा." झालं! उठले, पट्टा वर ओढला, गुडघ्यावर बसले आणि पुतळ्याचं पोट दाबायला लागले. दाबतायत, दाबतायत. पुतळ्यातून फुस्स आवाज आला. पोरं हसून लोटपोट. ती मुलगी हसली नाही, ह्यांचे हात धरून छातीवर नेऊन ठेवले तिने. तर हे उठले आणि म्हणाले, "आमच्या वेळी पोटावरनं होतं."

जाताना तिने सगळ्यांना बजावून सांगितलं. "तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर मिनिटभरही थांबू नका. फोन कोणीही करा. ओळख लागत नाही. पत्ता सांगा, जवळची खूण सांगा, आणि एक माणूस खाली रस्त्यावर उभा करा. बस."

गाडी फाटकाबाहेर गेली तसे गावकर आमच्याकडे वळले. "हे त्यांना सांगावंच लागतं. वरनं ऑर्डर असते. पण तुम्हीच विचार करा, एकाच वेळी दोन फोन आले, तर ते आधी कुणाकडे जातील?" आणि आम्ही विचार केला! माना डोलावल्या. एका मुलीने गळा सुकवून अर्धा तास शिकवलं ते ह्या माणसाने एका वाक्यात पुसलं, आणि आम्ही पुसू दिलं. कुसुम तेवढी मागून म्हणाली, "साहेब, पुतळा वाचला का?"

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तो दिवस.

दुपारची चारची वेळ. मी आणि कुसुम गॅलरीत सुकट निवडत बसलो होतो. तिला माझ्या हातची सुकटीची चटणी आवडायची. ती काहीतरी शाळेतल्या हेडबाईंची नक्कल करत होती, आणि करता करता तिचा शब्द घसरला. मला वाटलं नक्कलच आहे, मी हसले. मग तिच्या उजव्या हातातली सुकट खाली सांडली. तिने ती उचलायला हात पुढे केला, तर हात येईना. माझ्याकडे बघितलं तिने. तोंड एका बाजूला ओढलेलं.

मी ओरडले. नीलेशचं त्या दिवशी घरूनच काम चाललं होतं, तो धावत बाहेर आला. आईला धरलं, दुसऱ्या हाताने फोन काढला, आकडे दाबायला लागला.

आणि मी म्हटलं, "थांब रे. आधी साहेबांना सांग."

मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. सतरंजीवर पहिल्या रांगेत बसून, ती मुलगी काय सांगते ते सगळं ऐकलेल्या मी.

साहेब घरात नव्हते. दादरला केस रंगवायला गेले होते. सुशीलाने त्यांना मोबाइल लावला. स्पीकरवर ठेवला होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "कोणी काही करू नका. दोन-दोन फोन गेले की घोळ होतो. फोन माझ्याकडून जाऊ दे. पाच मिनिटांत गाडी खाली असेल."

आम्ही कुसुमला आडवं केलं. कुणीतरी तिच्या नाकाशी कांदा फोडून धरला, कुणी पाणी पाजायला निघालं, ते नीलेशने ढकललं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. खाली राण्यांचा मुलगा रस्त्यावर उभा होता, वर बघून मान हलवत होता. वीस झाली. मी सुशीलाला म्हटलं, परत लाव. साहेब म्हणाले, "निघालीय, निघालीय. सावंतला सांगितलंय." अर्धा तास झाला. कुसुम डोळे उघडे ठेवून वर छताकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं. तेच तर वाईट.

पाऊण तास झाला तेव्हा नीलेशने एक सणसणीत शिवी हासडली आणि तीन आकडे दाबले. गाडी आठ मिनिटांत आली.

सावंत कुठे होता ते मागाहून कळलं. कणकवलीला. त्याला रिटायर होऊन वर्ष झालं होतं. साहेबांचा फोन वाजला तेव्हा तो कोकमं वाळत घालत होता. म्हणाला, "बघतो, कुणाला तरी सांगतो." मग कुणाला सांगायचं ते त्याला आठवेना. आणि साहेबांना त्याला परत विचारायचा धीर होईना, कारण सावंत आता बंबखान्यात नाही हे त्यांना पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. चव्वेचाळीस मिनिटं आमच्याशी ते खोटं बोलत होते, डोक्याला काळा रंग लावून, सलूनच्या खुर्चीत बसून.

गाडीबरोबर तीच मुलगी आली होती, पुतळ्यावाली. जिना चढून आली, कुसुमचा हात उचलून बघितला, विचारलं, "हे कधीपासून?" मी म्हटलं, "पाऊण तास." तिने माझ्याकडे बघितलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

इस्पितळात डॉक्टर नीलेशला म्हणाले, यात एकेक मिनिट नुकसान करत असतं. थोडं आधी आणायला हवं होतं. कुसुम वाचली. उजवा हात गेला तो गेलाच. पाय फरफटत चालतो. बोलणं जाड झालं.

आणि गावकर? संध्याकाळी चाळीत आले, केस चकचकीत काळे, कपाळावर रंगाचा डाग. गॅलरीत उभे राहून म्हणाले, "गेली ना गाडी? बघा, जरा उशीर लागला, पण माझा फोन गेला म्हणून आली." दोन माणसांनी मान डोलावली. देवाशप्पथ सांगते, डोलावली. दोन दिवसांनी हे दोन शहाळी घेऊन इस्पितळात गेले, आणि बोलता न येणाऱ्या त्या बाईला विचारलं, "वॉर्डात माझं नाव सांगितलंत का?" तिने डावा हात उशीवरनं उचलला आणि दाराकडे केला. नीलेश तिथे होता, त्यानेच मला सांगितलं.

नीलेशने फळ्यावरची सूचना फाडली आणि जिन्याच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटने तो तीन आकडी नंबर लिहिला. हातभर उंचीचे आकडे. महिनाभरात त्यावर एका पतपेढीचं कॅलेंडर लटकलं. खिळा कोणी ठोकला ते कुणी बघितलं नाही. नीलेशने कॅलेंडर काढलं, परत लागलं. तिसऱ्यांदा कुसुम स्वतः फरफटत गेली आणि कॅलेंडर घेऊन आली. त्याच्या पानांवर आता ती चपातीसाठी पीठ चाळते, डाव्या हाताने.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईने तिला सांगितलं होतं, डाव्या हाताला बारीक कामं द्या. नीलेशने तिच्या गळ्यात दोरीला बांधून एक बटणांचा फोन अडकवला होता. ती दुपारी माझ्याशेजारी बसून तेच करायची, बंद फोनवर अंगठ्याने तीन आकडे दाबायची. पुन्हा पुन्हा. पहिल्या पहिल्यांदा अंगठा भलतीकडेच जायचा. मी बसून बघायचे. चटणीचं काही बोलायचे नाही. तिने मला त्या दिवसाबद्दल एकदाही बोल लावला नाही. एकदाच म्हणाली, सावकाश, एकेक शब्द जुळवत, "वैनी, त्याला तुम्ही अजून साहेब म्हणता?"

त्या दिवसापासून सोडलं.

गावकरांची शेवटची भेट ह्याच वर्षातली. सुशीला लालबागला मसाला कांडायला गेली होती. दुपारची विश्रांतीची वेळ. मी माझ्या दारात होते. चौदा नंबरातनं धप्पकन आवाज आला, तांब्या घरंगळल्याचा, मग कण्हण्याचा. दार आतून नुसतं लोटलेलं. मी ढकललं, तर गावकर मोरीच्या कडेला पडलेले, घामाने भिजलेले, हात छातीवर. ओठ निळसर. मला बघून म्हणाले, "वहिनी... सावंत... सावंतला लावा."

अजून सावंत!

मी माझा फोन आणायला वळले, तर मागे दाराच्या चौकटीला टेकून कुसुम उभी. गळ्यातला फोन तिच्या डाव्या कानाला होता. पत्ता सांगून झाला होता तिचा, खूण सांगत होती. "पिठाची गिरणी. समोर. हो. छातीत दुखतं. शुद्धीत आहे." जाड, पण एकेक शब्द स्पष्ट. मग फोन खाली केला आणि मला म्हणाली, "वैनी, तुम्ही खाली. रस्त्यावर."

मी गेले. वळणावर गाडी दिसली तेव्हा हात हलवायचीसुद्धा गरज पडली नाही.

ह्या वेळी दुसरीच माणसं होती, ओळखीचं कोणी नाही. त्यांनी गावकरांना काहीतरी जिभेखाली ठेवायला दिलं, तोंडावर मास्क चढवला, आणि खुर्चीत बांधून चौघांनी जिन्यावरून खाली आणलं. तांबड्या आकड्यांच्या समोरून. पट्टा वरच राहिला होता, मोरीच्या खुंटीवर. पट्ट्याशिवाय तो माणूस एवढासा दिसत होता. मास्कमधून त्यांचं चालूच, "मी खात्यातला... गावकर... ऑफिस..." त्यातला एकजण म्हणाला, "हो का, काका? बरं. बोलू नका आता, श्वास घ्या."

गाडीपाशी आले तर ह्यांचा हात पुढच्या दाराकडे. बोट करून दाखवतायत. त्या माणसाला कळेना. मी म्हटलं, "त्यांना पुढे बसायची सवय आहे."

"काका," तो म्हणाला, "आज मागे."

मागे चढवलं. दार लावायच्या आधी गावकरांनी मास्क बाजूला केला. मला वाटलं, बायकोला निरोप असेल. सुशीला अजून यायची होती.

"सायरन," ते म्हणाले. "सायरन लावा."

"रस्ता मोकळा आहे, काका. मग कशाला उगाच?"

"तरी... फाटकापासून लावा."

त्या माणसाने वैतागून इकडेतिकडे बघितलं. मी असते ना त्याच्या जागी, तर सांगते, नसता लावला. पण वरनं गॅलरीतून आवाज आला. कठड्याला रेलून कुसुम उभी होती.

"लाव रे बाबा," ती ओरडली. "नायतर तो जायचा नाय."

ड्रायव्हर हसला आणि सायरन लागला. रिकाम्या रस्त्यावर, भर दुपारी. गॅलऱ्या भरल्या. मागच्या काचेतून मला त्यांचं डोकं दिसलं, मुळांशी पांढरं, वर काळं. डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर, काय सांगू, समाधान. मी त्यांना बघितलं ते तेवढंच. इस्पितळातून त्यांच्या मुलाने त्यांना परस्पर बदलापूरला, आपल्या घरी नेलं. वाचले ते. तिथल्या सोसायटीच्या फळ्यावर एव्हाना काय लागलं असेल देव जाणे.

मी जिना चढून वर आले. कुसुम तिथेच होती.

"वैनी," तिने विचारलं, "किती मिनटं लागली?"

मी घड्याळ बघितलं होतं. न बघून कसं चाललं असतं?

"सात."

कठड्यावर ठेवलेला उजवा हात तिने डाव्या हाताने उचलला, आणि तो तसाच धरून आत गेली.